नेट गेलं तरी धीर सोडू नकोस

बाळा, लिनक्सवर नवं सॉफ्टवेअर टाकलं आणि नेट गेलं, की मनात पहिलं येतं ते ‘आता सगळं पुसून नव्याने टाकू’. एवढं मात्र करू नकोस. अशा वेळी नेट मुळापासून मोडलेलं क्वचितच असतं. एखादी फाईल बदललेली असते, एखादी सेवा बंद पडलेली असते, नाहीतर एखादा नियम मागे राहून गेलेला असतो. नेट कुठपर्यंत पोचतंय आणि कुठे अडतंय हे कळलं, की दुरुस्ती बहुतेकदा दोन ओळींत होते. ते कसं शोधायचं आणि ही वेळच कमी यावी म्हणून कोणत्या सवयी लावायच्या, ते सांगते. उदाहरणं उबुंटू, डेबियन आणि मिंट या एकाच घराण्यातली आहेत. कमांड मी बोलते तशा लिहिल्यात, तू त्या टर्मिनलमध्ये इंग्रजी छोट्या अक्षरांत टाइप कर.

टाकण्याआधी

१. मोठं काही टाकण्याआधी टाइमशिफ्टमध्ये एक स्नॅपशॉट घेऊन ठेव — सिस्टिम जशी होती तशी परत आणता येते, आणि परत आणायला नेट लागत नाही. मिंटमध्ये ते १८.३ या २०१७ च्या आवृत्तीपासून आयतं मिळतं, उबुंटूत एकदा टाकून घ्यावं लागतं.

२. मोबाइलची डेटा केबल टेबलाच्या खणात कायमची ठेव — अँड्रॉइड फोनवर यूएसबी टेदरिंग चालू केलं की लिनक्सला ती साधी तारेची जोडणी दिसते, वेगळा ड्रायव्हर सहसा लागत नाही. नुसती चार्जिंगची केबल चालत नाही, म्हणून आजच एकदा लावून बघ. खिशात पर्याय, मनात अभय!

३. इन्स्टॉलच्या कमांडला ‘होय’वाला वाय आधीच जोडून देऊ नकोस — काय येणार आणि काय जाणार हे वाचायची तेवढी एकच संधी असते.

४. त्या यादीत नवं काय येतंय यापेक्षा काढून काय टाकलं जातंय ते आधी वाच — तिथे नेटवर्क-मॅनेजर, नेटप्लॅन, सिस्टिमडी किंवा पायथन-थ्री यांपैकी एक जरी नाव दिसलं तरी एन दाबून बाहेर पड. पायथन नको म्हणून काढायला गेलेल्यांचा डेस्कटॉपही त्याच्यासोबत जातो.

५. मशीन एखादं अख्खं वाक्य टाइप करायला सांगत असेल, तर तिथेच थांब — तो औपचारिकपणा नसतो, ती शेवटची हाक असते. २०२१ मध्ये लायनस सेबॅस्टियन या नावाजलेल्या कॅनेडियन यूट्यूबकाराने पॉप ओएसवर गेमसाठी स्टीम टाकताना ‘होय, मी सांगतो तसंच कर’ या अर्थाचं वाक्य टाइप केलं आणि कॅमेऱ्यासमोर त्याचा सगळा डेस्कटॉप निघून गेला. दोष त्या दिवशीच्या पॅकेजमध्ये होता, पण मशीनने विचारलं होतं हेही तितकंच खरं. घाईचा होकार, रात्रभर बेजार.

६. शंका असेल तेव्हा पॅकेज बसवणाऱ्या एपीटीला सिम्युलेट सांगून आधी कोरडी तालीम घे — काय होईल ते सगळं पडद्यावर दिसतं आणि प्रत्यक्षात एकही फाईल हलत नाही.

७. वेबसाइटवरची ‘कर्ल’ने सुरू होऊन ‘सुडो बॅश’ने संपणारी ओळ तशीच चिकटवू नकोस, स्क्रिप्ट आधी फाईल म्हणून उतरव आणि उघडून वाच — आत रिझॉल्व, आयपीटेबल्स किंवा नेटवर्कमॅनेजर हे शब्द दिसले, तर ती तुझ्या नेटला हात लावणार हे आधीच कळतं.

८. साधं डेस्कटॉपचं ॲप हवं असेल आणि ते फ्लॅटपॅकमध्ये मिळत असेल, तर तिथून घे — ते आपल्याला लागणाऱ्या लायब्ररी सोबत घेऊन येतं, सिस्टिमच्या पॅकेजांची अदलाबदल करत नाही.

९. एका बैठकीत एकच नवी गोष्ट टाक, नेट चालतंय ना ते बघ, मगच दुसरी — पाच एकदम टाकलीस तर संशयितही पाच होतात.

नेट गेलं त्या क्षणी

१०. आधी घरातला एक फोन मोबाइल डेटा बंद करून वायफायवर चालवून बघ — त्यावरही नेट नसेल तर दोष राउटरचा किंवा केबलवाल्याचा. मग लिनक्सला हात न लावता स्वस्थ चहा घे.

११. वायर आणि वायफायचं बटण हाताने तपास, लॅपटॉपवरचं विमानाचं चिन्हही बघ — एवढ्याशा गोष्टीपायी लोकांनी अख्खी सिस्टिम नव्याने टाकली आहे. वायर सैल, तर दिवस फैल.

१२. एकदा रीस्टार्ट कर, पण एकदाच — त्याने सुटलं तर ठीक. नाही सुटलं तर दहा वेळा केल्यानेही सुटणार नाही, उलट लॉग वाचताना कोणती खेप कोणती ते कळेनासं होतं.

१३. शेवटी काय बदललं ते आठवू नकोस, वाच: ‘व्हार’मध्ये ‘लॉग’, त्यात ‘एपीटी’, त्यात ‘हिस्टरी डॉट लॉग’ — प्रत्येक नोंदीत सुरुवातीची वेळ, दिलेली कमांड, काय बसलं आणि काय निघालं हे ओळीने लिहिलेलं असतं. नेट कधी गेलं ती वेळ आणि ती नोंद शेजारी ठेवलीस की निम्मं काम झालं. शेवटचा हात, पहिला संशय.

१४. तू काहीच टाकलं नसशील तरी हीच फाईल बघ — उबुंटू सुरक्षेचे अपडेट आपोआप टाकतं आणि त्यात नवं कर्नलही येतं. ते रीस्टार्टनंतर लागू होतं, म्हणून कारण कालचं आणि त्रास आजचा असं होऊ शकतं.

१५. फोनवर शोधून सापडलेले उपाय एकामागून एक करत सुटू नकोस — मूळ दोष एक असतो, पण पाच उपायांनंतर ते सहा होतात.

नेमकं कुठे अडलंय?

१६. तपास नेहमी जवळून लांब असा कर: आधी कार्ड, मग पत्ता, मग राउटर, मग बाहेरचं जग, मग नाव आणि शेवटी ब्राउझर — नळाला पाणी आलं नाही तर आपण आधी कॉक आणि टाकी बघतो, भिंत फोडत नाही, तसंच हे.

१७. पहिली कमांड ‘एनएमसीएलआय डिव्हाइस’ — कार्डाचं नाव यादीत नसेल तर ड्रायव्हर गेला. ‘अनअव्हेलेबल’ असेल तर कार्ड बंद आहे किंवा वायर लागलेली नाही, आणि ‘अनमॅनेज्ड’ असेल तर नेटवर्कमॅनेजरने त्याच्यावरची देखरेख सोडली आहे. तीन शब्द, तीन वेगळे रस्ते.

१८. मग ‘आयपी ए’ — तुझ्या कार्डाखाली १९२.१६८ किंवा १० ने सुरू होणारा पत्ता दिसला तर राउटरने ओळख दिली आहे. काहीच नसेल किंवा १६९.२५४ असेल, तर पत्ता मिळालेलाच नाही.

१९. त्यानंतर ‘आयपी राउट’ आणि त्यातली ‘डिफॉल्ट’ने सुरू होणारी ओळ — तिथे राउटरचा पत्ता आणि तुझ्या कार्डाचं नाव हवं. ओळ नसेल किंवा व्हीपीएन बंद असूनही टन-शून्यसारखं नाव असेल, तर रस्ताच चुकीचा दाखवला जातोय.

२०. मग राउटरला पिंग कर, तो बोलला तर ८.८.८.८ या बाहेरच्या पत्त्याला कर — उत्तर आलं म्हणजे तुझं नेट चालू आहे, उरलेला दोष वरच्या मजल्यावरचा. अमेरिकेत माइक मूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये नेटवर्कची अशीच एक अडचण शोधायला हा छोटा प्रोग्राम लिहिला आणि आजही पहिला प्रश्न तोच विचारतो. थांबवायला कंट्रोल आणि सी.

२१. आकड्याला उत्तर येतंय पण वेबसाइटच्या नावाला पिंग होत नाही, तर दोष डीएनएसचा — नावावरून आकडी पत्ता सांगणारी ही व्यवस्था पॉल मोकापेट्रिस यांनी त्याच १९८३ साली मांडली. सॉफ्टवेअर टाकल्यावर गेलेल्या नेटमध्ये पहिला संशय हिच्यावरच घे.

२२. टर्मिनलमधून नावालाही पिंग होतंय, फक्त ब्राउझर बसलाय? मग सेटिंग्जमधला प्रॉक्सी बघ — जाहिराती अडवणारी काही सॉफ्टवेअर स्वतःला प्रॉक्सी म्हणून बसवतात, आणि काढल्यावरही ती नोंद तशीच राहते.

२३. घड्याळही बघून घे — तारीख मागे गेली असेल तर पिंग चालतं पण सुरक्षित वेबसाइट उघडत नाहीत. जुन्या मशीनमध्ये बटणाएवढी सीआर२०३२ बॅटरी संपली की हे होतं.

नेहमीची अडणारी ठिकाणं

२४. ‘ईटीसी’ फोल्डरमधली ‘रिझॉल्व डॉट कॉन्फ’ फाईल उघडून बघ, नाव टाइप करताना रिझॉल्वचा शेवटचा ई गाळायचा — उबुंटूत तिच्यात ‘नेमसर्व्हर १२७.०.०.५३’ अशी ओळ असते. म्हणजे ‘नाव विचारायचं ते याच मशीनवरच्या सिस्टिमडी-रिझॉल्व्हड या सेवेला विचार’. सेवा चालू आणि ओळ जागेवर, तर सगळं ठीक.

२५. पाय-होल, ॲडगार्ड होम किंवा डीएनएसमास्क टाकणार असशील तर हे आधीच लक्षात ठेव — त्यांनाही ५३ क्रमांकाचं पोर्ट लागतं, म्हणून ‘रिझॉल्व्हड बंद करा’ असा सल्ला मिळतो. सेवा बंद होते, पण फाईलमधली ओळ तिलाच विचारत राहते, आणि विचारलेल्या प्रत्येक नावावर शांतता पसरते.

२६. असं झालं असेल तर ‘सिस्टिमसीटीएल एनेबल’ आणि मग ‘सिस्टिमसीटीएल स्टार्ट’ने सेवा पुन्हा चालू कर आणि रिझॉल्व डॉट कॉन्फची जोडणी ‘रन’मधल्या ‘सिस्टिमडी’च्या ‘रिझॉल्व्ह’ फोल्डरातल्या ‘स्टब-रिझॉल्व डॉट कॉन्फ’ फाईलशी नव्याने कर — तिथल्या फोल्डरच्या नावात ई आहे आणि फाईलच्या नावात नाही, तेवढं जपून लिही.

२७. रिझॉल्व डॉट कॉन्फ फाईल ‘चॅटर’ने कुलूपबंद करून टाकायचा सल्ला कोणी दिला तरी मानू नकोस — आज नेट येईल, पण उद्या दुसऱ्या गावच्या वायफायवर ते का बसलं हे कोणालाच सुचणार नाही.

२८. व्हीपीएन काढण्याआधी त्याच्या सेटिंग्जमधला ‘किल स्विच’ आधी बंद कर, मग ॲप काढ — व्हीपीएन तुटला की सगळं नेट अडवायचं हेच त्याचं काम. ॲप गेलं आणि नियम राहिले तर तो इमानदारीने अडवतच बसतो. राहिलाच असेल तर ‘एनएमसीएलआय कनेक्शन शो’मध्ये अनोळखी नावाची जोडणी दिसते, ती डिलीट कर.

२९. व्हीपीएनवर पिंग चालतं, पण पानं अर्धवट उघडून अडकतात, तर एमटीयू, म्हणजे पाकिटाचा कमाल आकार, १५०० वरून १४०० वर आणून बघ — व्हीपीएन प्रत्येक पाकिटाला आपलं वेष्टण चढवतो, पाकीट मोठं होतं आणि वाटेत अडतं. कमांडने केलेला हा बदल रीस्टार्टला आपोआप जातो, म्हणून बिनधास्त करून बघ.

३०. यूएफडब्ल्यू हा फायरवॉल चालू केला म्हणून घाबरू नकोस, तो बाहेर जाणारं नेट सहसा अडवत नाही — तो आत येणारं अडवतो. पण दूरच्या सर्व्हरवर बसून तो चालू करणार असशील, तर आधी एसएसएचचं २२ क्रमांकाचं पोर्ट मोकळं कर, नाहीतर दार आपणच लावून आपण बाहेर राहतो.

३१. डॉकर टाकल्यावर घरी नेट चालतं, ऑफिसात नाही, तर पत्ते ताडून बघ — डॉकर १७२.१७ ने सुरू होणारे पत्ते आपल्याकडे घेतो. ऑफिसच्या नेटवर्कमध्येही तेच असतील तर पाकिटं मशीनच्या बाहेर पडतच नाहीत. डॉकरच्या ‘डीमन डॉट जेसन’ फाईलमध्ये त्याला दुसरे पत्ते नेमून दे.

३२. दुसरा हलका डेस्कटॉप टाकलास तर सोबत कॉनमॅन आलाय का ते बघ — नेटवर्कमॅनेजर आणि कॉनमॅन दोघेही एकाच कार्डावर हक्क सांगतात आणि जोडणी सारखी तुटते. एकालाच ठेव, दुसऱ्याला काढ. दोन कारभारी, अंधार घरी.

३३. डेबियनवर कार्ड ‘अनमॅनेज्ड’ दिसत असेल तर ‘ईटीसी’च्या ‘नेटवर्क’मधली ‘इंटरफेसेस’ फाईल वाच — तिथे कार्डाचं नाव लिहिलेलं असेल, तर नेटवर्कमॅनेजर त्याला हात लावत नाही. त्या ओळींपुढे हॅशचं चिन्ह टाकून सेवा नव्याने चालू कर.

३४. वायफाय चालूच होत नसेल तर ‘आरएफकिल लिस्ट’ — सॉफ्ट ब्लॉक ‘आरएफकिल अनब्लॉक वायफाय’ने निघतो, हार्ड ब्लॉक लॅपटॉपच्या बटणानेच निघतो. कमांडने कितीही विनवलं तरी तो ऐकत नाही.

३५. नव्या कर्नलनंतर वायफाय गेलं तर मशीन सुरू होताना शिफ्ट किंवा एस्केप दाबून ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून मागचं कर्नल निवड — ब्रॉडकॉम आणि रिअलटेकच्या काही कार्डांचा ड्रायव्हर बाहेरून बसवलेला असतो आणि प्रत्येक कर्नलसाठी तो नव्याने बांधावा लागतो. जुन्यावर नेट आलं तर दोष तिथेच, आणि ड्रायव्हर दुरुस्त करायला नेटही हाताशी.

३६. असा ड्रायव्हर टाकताना पासवर्ड ठरवायला सांगितला तर तो कागदावर लिही आणि रीस्टार्टला निळा पडदा येईल त्यावर नजर ठेव — सिक्युअर बूट चालू असताना ड्रायव्हरची किल्ली तिथे ‘एनरोल’ करून तोच पासवर्ड द्यायचा असतो. दहा सेकंदांत कळ दाबली नाहीस तर पडदा निघून जातो, ड्रायव्हर बसलेला दिसतो पण चालत नाही.

३७. एकाच मशीनवर विंडोजही असेल तर तिथलं ‘फास्ट स्टार्टअप’ बंद कर — विंडोज पूर्ण न झोपता कार्ड अर्धवट अवस्थेत सोडतं, आणि आळ लिनक्सवर येतो.

दुरुस्त करताना

३८. कोणतीही फाईल बदलण्याआधी तिची प्रत तिथेच, नावापुढे तारीख लावून ठेव — परतीची वाट ठेवून गेलेला वाट चुकत नाही.

३९. नेटप्लॅनची फाईल बदललीस तर ‘अप्लाय’ऐवजी ‘ट्राय’ वापर — नव्या जोडणीला तू १२० सेकंदांत होकार दिला नाहीस, तर नेटप्लॅन जुनी जोडणी स्वतःहून परत आणतं. दूरच्या मशीनवर तर हाच नियम समज.

४०. दोषी सॉफ्टवेअर सापडलं की ‘रिमूव्ह’ने नाही, ‘पर्ज’ने काढ — रिमूव्ह प्रोग्राम काढतं पण त्याच्या सेटिंगच्या फायली ठेवून जातं, आणि नेट बिघडवणारी गोष्ट बहुतेकदा त्याच फायलींत असते.

४१. नेटवर्कमॅनेजरच निघून गेला असेल तरी रडू नकोस: फोन टेदरिंगवर लाव आणि ‘डीएचक्लायंट’, किंवा नव्या उबुंटूत ‘डीएचसीपीसीडी’, हाताने चालव — पत्ता मिळाला की ‘एपीटी इन्स्टॉल नेटवर्क-मॅनेजर’ केलं की तो घरी परत.

४२. तेही जमलं नाही तर लाइव्ह पेनड्राइव्हवरून मशीन चालू करून बघ, नेट तिथे येतं का — आलं तर कार्ड धडधाकट आहे, दोष फक्त बसवलेल्या सिस्टिममध्ये. म्हणूनच असा एक पेनड्राइव्ह नेट चालू असतानाच बनवून ठेवायचा.

आणि कायमची सवय

४३. काय टाकलं, कोणती फाईल बदलली, कशाने सुटलं हे तारखेसह साध्या वहीत लिही, कॉम्प्युटरमध्ये नको — गरज लागेल तेव्हा तो कॉम्प्युटरच आजारी असेल. जिथे नोंद, तिथे नाही गोंधळ.

४४. मदत मागताना ‘नेट चालत नाही’ एवढंच सांगू नकोस. कोणतं लिनक्स, कोणती आवृत्ती, शेवटी काय टाकलं, आणि सतरा ते एकवीस क्रमांकांच्या कमांडना आलेली उत्तरं जशीच्या तशी दे — समोरचा माणूस तुला मदत करायलाच बसलाय, त्याला फक्त पकडायला धागा हवा. आणि उत्तर मिळून नेट आलं, की त्याला ‘कशाने सुटलं’ हे आवर्जून कळव. तुझ्यानंतर विचारणाऱ्याला तो तेच सांगेल.